हिमोफिलिया आणि मनाचें स्वास्थ्य

आषाढ लागला कीं गोंदिया जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांत रोवणीची एकच घाई उडते. घरांतील प्रत्येक हात त्या वेळीं चिखलांत हवा असतो. अशा दिवसांत अंगानें धडधाकट दिसणारा तिशीचा पुरुष गुडघा धरून ओसरीवर बसला, तर शेजारी त्याला आळशी म्हणतात. आणि हळूहळू तोही स्वतःस तसेंच समजूं लागतो. वस्तुतः त्याच्या सांध्याच्या आंत रक्त साचत असतें. हिमोफिलियाचें दुःख असें दुहेरी आहे. एक सांध्यांतलें, दुसरें मनांतलें. पहिल्यावर औषध शोधलें जातें. दुसरें बहुधा तसेंच राहतें.

रक्त गोठावें म्हणून शरीरांत अनेक घटक एकापाठोपाठ एक कार्य करीत असतात. त्यांपैकीं आठवा घटक उणा असला तर हिमोफिलिया ‘अ’, व नववा उणा असला तर ‘ब’ होतो. पहिला प्रकार जन्मणाऱ्या सुमारें ५००० मुलग्यांत एकास आढळतो. दुसरा त्याहून पुष्कळ विरळा. अशा माणसाचें रक्त इतरांपेक्षां वेगानें वाहत नाहीं. तें अधिक वेळ वाहतें, इतकेंच. किरकोळ खरचटण्यानें प्राण जातो ही समजूत निराधार आहे. नित्याचें संकट असतें तें गुडघा, घोटा व कोपर यांच्या आंत वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाचें. त्यानें सांधे झिजतात, आंखडतात, आणि वेदना कायमची वस्तीस येते.

पुढचा स्राव केव्हां होईल हें ठाऊक नसल्यानें मनास विसावा मिळत नाहीं. प्रवासास निघावें कीं नाहीं, नोकरी देणाऱ्यास सांगावें कीं लपवावें, लग्नाच्या बोलण्यांत हा विषय काढावा कीं टाळावा, हे प्रश्न झोप उडवितात. लपविण्यामुळें उपचारास उशीर होतो, उशिरानें सांधा बिघडतो, आणि बिघडलेला सांधा मन अधिकच खचवितो. देवरी-सालेकसाच्या रानांतून गोंदियास, व तेथून रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटरवरील नागपुरास जावें लागलें, तर ही धास्ती दुणावते.

घरांतील दोषारोपही कमी जाचक नसतो. या विकाराचें बीज आईकडून मुलाकडे येतें, म्हणून सुनेस बोल लावला जातो. परंतु सुमारें एक-तृतीयांश रुग्णांच्या घराण्यांत हा विकार पूर्वीं कोणासही नसतो. तो नव्यानेंच उद्भवतो. तेव्हां आईस अपराधी ठरविणें शास्त्रास धरून नाहीं आणि माणुसकीसही नाहीं. उलट अतिकाळजीनें प्रौढ मुलास काचेच्या भांड्याप्रमाणें जपल्यानें त्याचा स्वतःवरील विश्वास नाहींसा होतो.

उपचारांनीं मात्र मोठी मजल मारली आहे. १९६४ सालीं ज्युडिथ पूल यांनीं रक्तद्रवांतून आठवा घटक वेगळा साठविण्याची सोपी रीत दाखविली. १९८० च्या दशकांत दूषित रक्तघटकांतून एड्सचा विषाणू अनेक रुग्णांस जडला, तेव्हां औषधाचीच भीती वाटूं लागली. पुढें शुद्धीकरणानें व कृत्रिम घटकांनीं तो धोका जवळजवळ संपला. स्राव होण्यापूर्वींच घटक नियमित टोचून घेतल्यास सांधे वांचतात, आणि त्याबरोबर मनही निर्धास्त होतें.

सतत दोन आठवडे उदासी राहिली, झोप वा भूक गेली, आवडीच्या कामांतही रस उरला नाहीं, तर तो मनाचा दुबळेपणा न मानतां डॉक्टरांस सांगावें. मनोविकारांवरील कांहीं औषधांनीं रक्तस्राव वाढूं शकतो. म्हणून हिमोफिलिया असल्याचें आधींच सांगणें आवश्यक. वेदनेसाठीं ॲस्पिरिन मनानें घेऊं नये. जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार आले तर क्षणभरही एकटें न राहतां मदत मागावी. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ सेवा विनामूल्य मिळते. समदुःखी माणसांचा सहवासही मोठा आधार आहे. त्यासाठीं १९८३ पासून हिमोफिलिया फेडरेशन कार्य करीत आहे. २०१६ च्या कायद्यानें हा विकार दिव्यांगत्वांत गणला असून सवलती मागणें ही भीक नव्हे, हक्क आहे.

रोवणीच्या दिवशीं जो चिखलांत उतरूं शकत नाहीं, तो मजुरीचा हिशेब ठेवूं शकतो, मुलांस शिकवूं शकतो, घरचा व्यवहार पाहूं शकतो. त्याला कामास अपात्र न ठरवितां त्याच्या बेताचें काम त्याच्या हातीं देणें, हेंही घरच्यांनीं करावयाचें एक औषधच आहे.