मिधात पाशा आणि कलम ११३

आज मी तुम्हाला एका अशा मुत्सद्द्याची हकिकत सांगणार आहे, ज्यांनी आपल्या देशाला पहिली राज्यघटना मिळवून दिली आणि ज्यांना त्याच घटनेतल्या एका कलमाच्या आधारे देशाबाहेर घालवण्यात आलं. त्यांचं नाव मिधात पाशा. देश तुर्कस्तान, म्हणजे तेव्हाचं उस्मानी साम्राज्य.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे साम्राज्य नकाशावर अजून मोठं दिसत होतं. बाल्कनमधली खेडी त्यात होती, बगदादही होतं. पण आतून ते पोखरलेलं होतं. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी, १८५४ साली, सरकारनं पहिल्यांदा परदेशातून कर्ज काढलं. मग जुनं फेडण्यासाठी नवं, असा क्रम सुरू झाला. अखेर १८७५ साली सरकारनं जाहीर केलं की, यापुढे व्याजाची निम्मीच रक्कम रोखीनं देता येईल. त्याच सुमारास बाल्कनमध्ये बंडं उठली आणि रशिया संधीची वाट पाहत सरहद्दीवर उभा होता.

अशा काळात मिधात पाशांनी नाव मिळवलं ते दरबारात नव्हे, तर जिल्ह्याजिल्ह्यांतून. त्यांचा जन्म १८२२ साली इस्तंबूलमध्ये झाला. वडील काझी होते. मुलगा लहान वयातच सरकारी दफ्तरात उमेदवारी करू लागला. १८६१ साली त्यांना निश या प्रांताचे सुभेदार नेमण्यात आलं. हे शहर आज सर्बियात आहे. तिथला शेतकरी सावकाराच्या कचाट्यात सापडलेला होता. पाशांनी १८६३ साली पिरोत या गावी एक योजना सुरू केली. गावकऱ्यांनी मिळून पडीक जमीन कसायची, आलेलं पीक विकायचं आणि ते पैसे एका सामाईक पेटीत ठेवायचे. त्या पेटीतून गरजू शेतकऱ्याला महिना एक टक्का व्याजानं कर्ज मिळे. सावकाराचा दर याहून कितीतरी जास्त होता. वर उरलेल्या पैशांतून रस्ते आणि शाळा होत. सरकारी खजिना रिकामा असताना भांडवल उभं करण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

पुढे डॅन्यूब प्रांतात त्यांनी रस्ते, पूल बांधले, नदीत आगबोटी आणल्या, तुर्की आणि बल्गेरियन अशा दोन भाषांतलं वर्तमानपत्र काढलं. १८६९ ते १८७२ ते बगदादला होते. तिथे घोड्यांची ट्राम आली, छापखाना आला. मात्र वझीर म्हणून राजधानीत आल्यावर, १८७२ साली, ते तीन महिनेही टिकले नाहीत. सुलतानाच्या उधळपट्टीला आवर घालू पाहणारा वझीर राजवाड्याला नको होता.

इथून त्यांच्या मनानं घेतलं की, सुलतानाच्या मर्जीवर चालणारा कारभार आता कायद्यानं बांधलाच पाहिजे. १८७६ हे साल तर विलक्षणच ठरलं. मे महिन्यात मिधात पाशा आणि त्यांच्या साथीदारांनी सुलतान अब्दुल अझीझला पदच्युत केलं. काही दिवसांतच तो मृतावस्थेत सापडला. वैद्यांनी आत्महत्येचा निर्वाळा दिला. त्याच्या जागी आलेला मुराद तीन महिन्यांत मनोरुग्ण ठरला. मग आला अब्दुल हमीद. घटना देण्याचं त्यानं कबूल केलं, पण एक अट घातली. राज्याच्या सुरक्षिततेला धोकादायक वाटणाऱ्या माणसाला हद्दपार करण्याचा अधिकार एकट्या सुलतानाकडे राहील, हे कलम ११३ मध्ये आलंच पाहिजे.

नामिक कमाल आणि झिया यांच्यासारख्या साहित्यिक सहकाऱ्यांनी कडाडून विरोध केला. या एका कलमानं बाकीची सगळी कलमं फोल ठरतील, असं त्यांचं म्हणणं होतं. पाशांपुढे पेच होता. युरोपच्या बड्या सत्तांची परिषद इस्तंबूलमध्ये भरत होती. आज घटना जाहीर झाली नाही तर ती कधीच होणार नाही, अशी वेळ होती. त्यांनी कलम मान्य केलं. २३ डिसेंबर १८७६ रोजी तोफांच्या सलामीत घटना जाहीर झाली. ५ फेब्रुवारी १८७७ रोजी सुलतानानं त्यांना बोलावून घेतलं, वझिराची मुद्रा काढून घेतली आणि जहाजावर बसवून इटलीला पाठवून दिलं. आधार अर्थातच कलम ११३ चा!

दीड वर्षानं त्यांना परत येऊ दिलं, सीरियाची सुभेदारीही दिली. पण १८८१ साली अब्दुल अझीझच्या खुनाचा आरोप ठेवून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आली आणि रवानगी झाली अरबस्तानातल्या ताइफच्या किल्ल्यात. तिथेच १८८४ साली त्यांचा गळा आवळण्यात आला. पार्लमेंट तर १८७८ सालीच बंद पडलं होतं.

मग ते कलम मान्य करणं ही चूक होती का? प्रांतात असताना पाशा हाती येईल तेवढं घेत आणि त्यावर बांधत जात. तिथे ते जमलं, कारण तिथली सत्ता त्यांच्याच हाती होती. राजवाड्यात ती दुसऱ्याच्या हाती होती, आणि कलम वापरायचं केव्हा हेही तोच ठरवणार होता. तरीही मला वाटतं, कागदावर आलेली घटना पुसली गेली नाही. तीस वर्षांनी, १९०८ साली, लोकांनी नवी घटना मागितली नाही. मिधात पाशांचीच परत मागितली आणि मिळवली. दुसऱ्याच वर्षी कलम ११३ मधला हद्दपारीचा अधिकार रद्द झाला. साम्राज्य काही त्यामुळे वाचलं नाही. पण १९५१ साली पाशांचे अवशेष ताइफहून इस्तंबूलला आणून सन्मानानं दफन करण्यात आले. आणि पिरोतच्या त्या सामाईक पेटीतून वाढलेली झिरात बँक, म्हणजे कृषी बँक, आजही तुर्कस्तानात शेतकऱ्यांना कर्ज देते आहे.