आयोवाचं वार्तापत्र : तळघरातला आकडा

'अमेरिकेत काय, सगळं सरकार बघतं,' असं घरचे फोनवर म्हणाले की मला आमच्या गल्लीतली तळघरं आठवतात. मक्या-सोयाबीनच्या शेतांमधलं हे छोटं गाव. इथल्या घराखालच्या जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू वर येतो आणि तो मोजायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. घरमालकावर सक्ती नाही.

हिमनद्यांनी आणून टाकलेल्या इथल्या मातीत थोडं युरेनियम आहे, रेडॉन येतो तो त्यातून. त्याला ना रंग, ना वास. हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद, आतली गरम हवा वर चढते आणि घर फरशीच्या भेगांतून तो वायू ओढून घेतं. सिगारेटखालोखाल फुफ्फुसाच्या कर्करोगाचं कारण हेच. देशात वर्षाला सुमारे 21,000 मृत्यू, असा पर्यावरण खात्याचा अंदाज. आयोवा राज्याच्या सगळ्या 99 काउंट्या, म्हणजे जिल्हे, सर्वाधिक धोक्याच्या गटात मोडतात.

घरातल्या रेडॉनचा धोका देशाला कळला तो 1984 मध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रस या अभियंत्यामुळे किरणोत्साराचे भोंगे वाजू लागले. केंद्र सुरूही झालं नव्हतं. किरणोत्सार तो घरून अंगावर घेऊन येत होता! उपाय करा असं सांगतात ती पातळी हवेच्या लिटरमागे 4 पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक). त्याच्या घरात निघाले 2,700.

आमच्या शेजारच्या आजी, शेतकऱ्याच्या घरच्या. काउंटीच्या आरोग्य कार्यालयातून त्यांनी कोळशाच्या भुकटीची डबी आणली, घर बंद ठेवून तळघरात ती उघडी ठेवली आणि टपालानं प्रयोगशाळेत पाठवली. आकडा आला 11. तो त्यांनी चर्चच्या जेवणावळीत सगळ्यांना सांगितला. मग कारागिरानं तळघराच्या काँक्रीटला भोक पाडून पाइप बसवला, तो छपरापार नेला आणि पंखा जोडला. पाइपवर इंग्रजी 'यू'च्या आकाराची नळी आहे. तिच्यातला लाल द्रव एका बाजूला चढलेला दिसला की पंखा ओढतोय. आजी कपडे धुवायला खाली उतरल्या की आधी ती नळी बघतात. त्यांच्याच समोरचे काका मात्र 'आमचे आजोबा याच घरात नव्वदीपर्यंत जगले' म्हणून डबीला हात लावत नाहीत. त्यांचा मला रागच येतो.

पण खरा राग येतो माहेरच्यांचा. तोही रेडॉनवरून नाही; त्याची धास्ती तुम्ही महाराष्ट्रात घेऊ नका. आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये युरेनियम कमी, आणि खिडक्या उघड्या असतात. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. तिथे कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उठतात, पुढे हाडं ताठरतात. फ्लोराइडही दिसत नाही, वासानं कळत नाही, आणि येतं जमिनीतूनच. बोअरला लाखभर रुपये घालणारा आमचा मामा पाणी तपासायचं म्हटलं की 'गोड आहे, काय तपासायचं?' म्हणतो. पाणी लागलं की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. बाटली भरून प्रयोगशाळेत न्यायला मात्र कुणाला सवड नाही. आणि फ्लोराइड तर उकळूनही जात नाही.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या गावी आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं, तर ते पाणी पिऊ नका, पोरांना तर मुळीच देऊ नका. या उन्हाळ्यात नवी बोअर घेणार असाल, तर पहिली बाटली तिथे पोचवा, आणि आलेला आकडा ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.