माळ्यावरचे बियाणे

घरात जागा अपुरी पडू लागली की आपले लक्ष माळ्याकडे जाते. जुनी पेटी, पाळणा, मोडकी पाभर, सारे वर चढते. या वस्तूंना उन्हाचे भय नाही. पण पुढच्या पेरणीचं बियाणंही तिथेच ठेवायचं असेल, तर जरा विचार हवा.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाची घरे आहेत. लाकडांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. दुपारचे ऊन त्यातून झिरपेपर्यंत दिवस मावळतो. पातळ पत्र्याचे तसे नाही. तो तापला की माळ्याची भट्टी होते.

बी वाळलेले दिसले तरी ते जिवंत असते, श्वास घेत असते. उष्णता आणि ओल वाढली की त्याची उगवणशक्ती लवकर सरते. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम आहे : साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले, किंवा बियातली ओल १ टक्क्याने घटली, तर बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते.

मग उष्णता अडवायची कुठे? पुष्कळजण माळ्याच्या फळ्यांवर मातीचा थर देतात. त्याने खालची खोली गार राहते, माळा मात्र तापतच राहतो. वर सामान ठेवायचे असेल तर आडोसा पत्र्याखालीच हवा. पत्र्यापासून चार बोटे अंतर सोडून बांबूचे तट्टे वाशांना घट्ट बांधावेत आणि खालून शेणमातीने लिंपावेत. मधली पोकळी वळचणीशी व आढ्याशी उघडी ठेवून तिथे बारीक जाळी लावावी. तापलेली हवा आढ्यातून निघून जाते, वळचणीतून नवी येते. या पोकळीत गवत किंवा भुसा कोंबू नका. हवेची वाट बंद होते, उंदरांना घर मिळते आणि आगीचे भय वाढते. पत्र्यावर वरून चुन्याचा हात दिला, तर ऊन पुष्कळसे परतते.

आणखी एक. पन्नास किलोंची दहा पोती म्हणजे पाच क्विंटल ओझे! ते तुळईच्या मध्यावर नको, भिंतीलगत ठेवा. आणि तुळई जुनी असेल तर आधी सुताराला दाखवा.

एवढे करूनही पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवून पाहा. शाळेत मुलांकडून हा प्रयोग करून घेता येईल. दाणे मोजायला मुलं चुकत नाहीत, आणि बियाणं खोटं निघालं तर ते पेरणीआधीच कळतं.