नऊ आण्यांचं पुस्तक, सातशेचा रोज

सकाळी 7:15
लालबागच्या चाळीत पाणी येऊन गेलं. भांडी भरून झाली. आता ती डबा भरते: चपाती, गवारीची भाजी. पिशवीत दोन पेन्सिली, खोडरबर, फूटपट्टी, कोरी कार्डं, मास्क. शाईचं पेन घरीच. जुन्या पानावर ठिपका पडला तर निघत नाही. एम.ए. झाल्यापासून ती एका प्राध्यापक बाईंच्या प्रकल्पासाठी संदर्भ शोधते. रोज सातशे रुपये, तेही महिनाअखेरीस. विषय: गिरणगावातल्या कष्टकरी बायका.

9:40
बस. दहा रुपयांचं तिकीट. नायगावला शारदा सिनेमाशी उतरते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग इथे आहे. संस्था 1898 सालची, जन्म गिरगावातला.

10:15
आधी सूची. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला खंड 1800 ते 1937 पर्यंतचा. दोन्ही हातांनीच उचलावा लागतो. ओळीखाली फूटपट्टी धरून ती नावं वाचत जाते. बाईचं नाव एका जागी राहत नाही. माहेरचं असतं, सासरचं असतं, टोपणनाव असतं. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही एकच बाई. म्हणून ‘ख’ पाहायचा, ‘श’ पाहायचा, ‘ब’ही पाहायचा. एका लेखिकेसाठी तीन फेऱ्या.

‘स्त्रिया’ या विषयाखाली बाळंतपण, पाककृती, विणकाम सापडतं. गिरणीत सूत गुंडाळणारी वाइंडिंगवाली तिथे नसते. ती कामगार चळवळीच्या कपाटात शोधावी लागते. 1929 चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा आणखी वेगळ्या कपाटात. घरी पंगती जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या कुठे शोधायच्या? प्रेमा पुरव यांनी 1975 साली त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ती कार्डावर तीन शब्द लिहिते: कर्ज, सहकार, कामगार. कपाटंही तीन.

11:45
ग्रंथालयातले काका शिडीवरून गठ्ठा उतरवतात. वरच्या पुस्तकावर फडकं फिरवतात.

“ताई, सावकाश सोडा. शिवण सुटलीय.”

“हो काका. उलटं ठेवणार नाही.”

सकाळपासून काका तिच्यासाठी बऱ्याच वेळा शिडी चढलेत. गुडघ्याला पट्टा आहे. चिठ्ठीवरचा दाखलांक, म्हणजे पुस्तकाचा नोंद-क्रमांक, नीट लिहिला नसला, तर तीच चढण पुन्हा. म्हणून ती आकडे मोठे काढते.

12:20
ताराबाई शिंदे, ‘स्त्री-पुरुष तुलना’. बुलढाण्याच्या या बाईंनी 1882 साली पुण्यात पुस्तक छापून घेतलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला. वर्तमानपत्रं समस्त बायकांना दोष देऊ लागली. त्या रागातून हे लिहिलं गेलं. मग पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते संपादित केलं आणि 1975 साली याच ग्रंथसंग्रहालयाने पुन्हा छापलं. कुणीतरी पाचशेतली एक प्रत जपली होती, कुणीतरी ती शोधली, म्हणून आज मुली ताराबाई वाचतात.

1:30
डबा. बाहेर येऊन चहा, बारा रुपये. मान डावीकडे वळत नाही. ती खांदे फिरवते.

2:10
पार्वतीबाई भोर. गिरणगावातल्या लढाऊ कार्यकर्त्या. ‘एका रणरागिणीची हकीगत’, 1977. सांगणाऱ्या पार्वतीबाई, शब्दांकन पद्माकर चितळे यांचं. अशा पुस्तकाची नोंद सांगणारीच्या नावावर असेल की लिहिणाऱ्याच्या? ती ‘भ’ पाहते, मग ‘च’ पाहते. जिला लिहायला सवड नव्हती, ती दुसऱ्याच्या नावाखाली सहज दडते.

3:40
उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, 1989. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहास. कागदावर पुरेसं मिळेना, म्हणून दोघी त्या बायकांच्या घरी गेल्या, बसल्या, ऐकलं. या पुस्तकातून ती नावांची यादी उतरवते. एकेक नाव नियतकालिकांच्या जुन्या अंकांत शोधायचं आहे. छापील आणि सांगितलेलं एकमेकांशी ताडून बघायचं. दुपार यातच जाते. पेन्सिल बोटभर उरते.

5:20
झेरॉक्स. नव्या पुस्तकांचीच, जुनी पानं यंत्राखाली दाबली की मोडतात, ती हातानेच उतरवायची. चौतीस पानं, दोन रुपये पान, अडुसष्ट रुपये. ती पावती मागून घेते. पावती नसेल तर पैसे मिळत नाहीत. बस आणि चहा पदरचाच.

8:45
जेवणं झाली, भांडी झाली. ओट्यावरच कार्डं मांडते. दिवसभरात चौदा. प्रत्येकावर लेखिकेची सगळी नावं, साल, प्रकाशक, दाखलांक आणि पुस्तक कुठल्या विषयाखाली सापडलं ते. प्राध्यापक बाईंनी एवढं मागितलेलं नाही. त्यांना उतारे हवेत. उद्या जुहूला जायचं आहे. एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र तिथे आहे, 1974 साली नीरा देसाई यांनी सुरू केलेलं, देशातलं पहिलं. तिथे ती या सगळ्या कार्डांची एक यादी देऊन ठेवणार आहे. वाइंडिंगवाली शोधायला उद्या दुसरी कुणी मुलगी आली, तर तिने पुन्हा पहिल्या कपाटापासून सुरुवात करू नये. या कामाचे सातशेत पैसे धरलेले नाहीत. ती ते तरीही करते, आणि अक्षर सुवाच्य काढते.