ओव्हरसाइज टी-शर्ट : दोन साइज मोठा घेतला की झालं?

मुंबईची फॅशन स्ट्रीट असो वा पुण्याचा एफसी रोड, तरुणाईला सध्या ढगळ टी-शर्टची भुरळ पडली आहे. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमधून रुजलेली ही शैली २०१९च्या ‘गली बॉय’मध्येही दिसली. मात्र, नेहमीचाच टी-शर्ट दोन साइज मोठा घेतल्यास गळा सैल पडतो, लांबीही वाढते. ओव्हरसाइजची बेतणीच वेगळी असते. खांद्याची शिवण दंडावर उतरते, छाती रुंद आणि लांबी बेताची राहते. कापडही जाड लागते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. साधा टी-शर्ट साधारण १६० ते १८०, तर चांगला ओव्हरसाइज २२० ते २४० जीएसएमचा असतो. पातळ कापड लोंबते. जाड कापड पावसाळ्यात लवकर वाळत नाही. त्यामुळे पैसे मोजण्यापूर्वी जीएसएम नक्की विचारा.