रेडिओ-संचाची पेटी घरीच करा

सुटे भाग जोडून रेडिओ बोलू लागला की आपले काम संपले, असे पुष्कळांना वाटते. सर्किट बोर्ड तसाच उघडा टेबलावर राहतो. तारा ओढल्या जातात, डाख सुटतात, स्पीकरच्या कागदी शंकूला कशाचे तरी टोक लागते आणि कष्टाने जुळवलेला संच लवकरच मुका होतो. म्हणून संचाला पेटी हवी. पण पेटी म्हणजे केवळ झाकण नव्हे. ती चुकीच्या वस्तूची केली तर चांगला चालणारा रेडिओही बंद पडतो!

पहिला मोह होतो तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचा. तो मजबूत असतो आणि फुकट मिळतो. तरीही मीडियम वेव्हच्या संचाला तो चालत नाही. का, ते एका प्रयोगाने पाहा. सेलवर चालणारा मीडियम वेव्ह रेडिओ लावून आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा व खोके बंद करा. आवाज दबेल, पण केंद्र ऐकू येत राहील. आता तोच रेडिओ स्टीलच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावा. या वेळी नुसता आवाज दबत नाही, तर केंद्रच नाहीसे होऊन खरखर तेवढी उरते. रेडिओलहरींमुळे धातूत विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि ते आतल्या पोकळीत लहरींचा परिणाम होऊ देत नाहीत. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली धातूने मढवलेली सुमारे १२ फुटी खोली उभारली व बाहेर विजेच्या ठिणग्या उडत असताना आत बसून हाच गुणधर्म पडताळला. आपल्या संचातील फेराइट दांडी हीच त्याची एरियल असते. तिला पत्र्यात कोंडून कसे चालेल? लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक यांतून मात्र लहरी सहज आत येतात.

सुताराकडे ६ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे तुकडे मिळतात. २० × १२ × ७ सेंटिमीटर पोकळीच्या पेटीसाठी असे तुकडे कापा : वर व खाली २० × ७ सेंमी. चे दोन, बाजूंना १३.२ × ७ सेंमी. चे दोन, पुढे व मागे २१.२ × १३.२ सेंमी. चे दोन. (०.६ सेंमी. जाडी दोन्हीकडून धरल्यामुळे ही मापे येतात. स्वतः बेरीज करून पाहा.) कोपरे गुण्याने तपासा. आतल्या चारही कोपऱ्यांत एक सेंमी. जाडीच्या चौकोनी पट्ट्या फेव्हिकॉलने चिकटवा. मागची फळी चिकटवू नका. ती या पट्ट्यांत स्क्रूने बसवा, म्हणजे दुरुस्तीसाठी उघडता येईल.

पुढच्या फळीवर डाव्या बाजूस, खालच्या अंगाला, स्पीकरच्या शंकूएवढे भोक पाडा. ७.५ सेंमी. चा स्पीकर येथे पुरतो. त्याच्यापुढे पातळ कापड लावा. बीड जिल्ह्यातल्या उन्हाळ्याची धूळ त्याने बरीच अडते. पेटीने आवाजही सुधारतो. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. उघड्या स्पीकरात या दोन लहरी कडेवरून भेटून एकमेकींना मारतात. पुढून मागे जाण्याचे अंतर सुमारे ८ सेंमी. असेल, तर साधारण २००० हर्ट्झच्या खालचा आवाज क्षीण होऊ लागतो. पेटीमुळे हेच अंतर सुमारे २७ सेंमी. होते व ही मर्यादा ६०० हर्ट्झच्या आसपास उतरते. म्हणूनच पेटीतला आवाज अधिक भरदार वाटतो. मागच्या फळीला थोडी भोके मात्र ठेवा. लहान पेटी पूर्ण बंद केली, तर आतली कोंडलेली हवा शंकूला मोकळेपणी हलू देत नाही.

फेराइट दांडी वरच्या फळीलगत आडवी बसवा. ती स्पीकरच्या चुंबकापासून शक्य तितकी दूर हवी, कारण चुंबकाने फेराइटचा गुणधर्म बदलतो व ट्यूनिंग सरकते. दांडीभोवती धातूची बंद कडी घालू नका, दोऱ्याने बांधा. बोर्डाखाली जुन्या बॉलपेनच्या नळीचे तुकडे घालून तो फळीपासून उचलून धरा. गँग कंडेन्सरचा दांडा उजवीकडे पुढच्या फळीतून बाहेर काढा व त्याला प्लॅस्टिकचा नॉब लावा. सेल जड असतात, त्यांना तळाशी जागा द्या. रेडिओ बरेच दिवस वापरायचा नसेल, तर सेल काढून ठेवा. त्यांतून गळणारे रसायन पट्ट्या गंजवते. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : हा संच सेलवरच चालवायचा. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेशी त्याचा संबंध आणू नका.

तबकडीवरच्या खुणा सर्वांत शेवटी करा. भाग पेटीत बसवल्यावर केंद्रांच्या जागा थोड्या सरकतात.

आता पेटी ठेवायची कशी? फेराइट दांडीच्या टोकाच्या दिशेने येणारे केंद्र सर्वांत क्षीण, तर तिच्या लांबीला काटकोनात येणारे सर्वांत स्पष्ट ऐकू येते. धारूर तालुक्यातल्या तेलगावाहून परभणी साधारण पूर्वेला आणि मुंबई पश्चिमेला आहे. तेव्हा तेथल्या विद्यार्थ्याने दांडी दक्षिणोत्तर ठेवली, तर या दोन्ही दिशांच्या केंद्रांना ती अनुकूल ठरेल. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीची अनेक मीडियम वेव्ह प्रक्षेपणे बंद झाली आहेत. म्हणून आपल्या गावी कोणती केंद्रे लागतात ते रात्री आधी तपासा. अंधार पडल्यावर दूरची केंद्रेही येतात.

पेटी हळूहळू फिरवून प्रत्येक केंद्र कोणत्या दिशेला मावळते ते वहीत नोंदवा आणि नकाशाशी ताडून पाहा. घरी केलेली ही पेटी तुम्हाला केंद्राची दिशाही सांगेल!