'बसतो' म्हणजे 'चालतो' नव्हे! (एका डिस्ट्रिब्युटरची गोष्ट)

व्हायवामध्ये "इग्निशन डिस्ट्रिब्युटरचं काम काय?" असा प्रश्न आला की आपण सगळे एका सुरात सांगतो, "सर, फायरिंग ऑर्डरप्रमाणे प्रत्येक सिलिंडरला करंट पोचवणे." सर मान हलवतात, आपण सुटतो. मीही असाच सुटलो होतो. पण गेल्या पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात, भर पावसात, मागच्या सीटवर आजी बसलेली असताना हा प्रश्न पुन्हा समोर आला, आणि तेव्हा मात्र उत्तर येईना.

आमचं गाव मावळात, कामशेतजवळ. घरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. त्या काळी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्यामुळे आजोबांच्या लेखी ती गाडी नाही, घरातलं माणूस आहे. बाबांचं मत वेगळं. "अण्णा, आता हिला भंगारात देऊन टाका," हे वाक्य आमच्याकडे दर पावसाळ्यात एकदा तरी होतंच.

जूनमध्ये गाडी मिसिंग करायला लागली. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास. बॉनेटखाली सगळं ओलं. मिस्त्रींनी कॅप काढली, रोटर धरून शाफ्ट आडवा हलवला आणि म्हणाले, "पोरा, बुश गेलाय. शाफ्टला प्ले आहे. नवीन डिस्ट्रिब्युटर बघ."

पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन दोन दशकांच्या वर झाली. मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. तेव्हापासून सुट्या भागांची मागणीही आटली आहे. मी एका दुकानातून स्वस्तातला, नवा कोरा डिस्ट्रिब्युटर आणला. दुकानदार म्हणाला, "फियाटला बसतो." बसलाही. तळेगावपर्यंत गाडी झकास पळाली. मी कॉलर ताठ केली.

पुढच्या रविवारी खोपोलीला लग्न होतं. येताना घाट चढायला लागलो आणि इंजिनातून कटकट आवाज यायला लागला. अॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढायचा. काटा लाल पट्ट्याकडे. शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडं अलीकडे गाडीने दम टाकला. दोन तास आम्ही तिथे. आजी ओली झालेली, आजोबा गप्प, आणि बाबा एकच वाक्य बोलले, "या रविवारी भंगारवाल्याला बोलावतो."

चूक कुठे झाली?

हे समजायला थोडी थिअरी लागते. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगी पडताच क्षणात पेटत नाही. जळायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात असं धरू. इंजिन १००० आरपीएमवर असताना एका फेऱ्याला ६० मिलिसेकंद लागतात, म्हणजे त्या दोन मिलिसेकंदांत क्रँक १२ अंश फिरतो. ३००० आरपीएमला फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे तेवढ्याच वेळात क्रँक ३६ अंश पुढे जातो! (हिशोब ढोबळ आहे. वेग वाढला की मिश्रण जास्त घुसळतं आणि थोडं लवकर जळतं.) म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी. यालाच अॅडव्हान्स म्हणतात.

हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. वेग वाढला की ती स्प्रिंगविरुद्ध बाहेर फेकली जातात आणि कॅम थोडा पुढे सरकवतात. वजन केवढं, स्प्रिंग किती ताठ, हे त्या त्या इंजिनाप्रमाणे ठरवलेलं असतं. बाजूचा व्हॅक्यूम डायफ्राम गाडीवर भार कमी असताना आणखी थोडा अॅडव्हान्स देतो. म्हणजे डिस्ट्रिब्युटर नुसता करंट 'वाटणारा' नाही, तर 'कधी वाटायचा' हे ठरवणारा आहे. हे मला व्हायवात कोणी विचारलं नव्हतं!

दोन्ही डिस्ट्रिब्युटर आळीपाळीने बसवले आणि लॅबमधून मागून आणलेल्या स्ट्रोब लाईटने पाहिले. व्हॅक्यूमची नळी काढून ठेवली आणि आयडलला दोन्हींचं टायमिंग सारखंच लावलं. पण रेस केल्यावर नवीनमध्ये ठिणगी जुन्यापेक्षा सुमारे १० अंश आधी पडत होती. बाहेरून तोच, आतून कुठल्यातरी दुसऱ्याच इंजिनाचा. सपाट रस्त्यावर भार कमी, म्हणून चालून गेलं. घाटात पूर्ण भार आला आणि नॉकिंग सुरू झालं. अजून थोडं रेटलं असतं तर पिस्टनला भोक पडलं असतं.

मग निवडायचा कसा?

पहिली गोष्ट, बदलायची खरंच गरज आहे का ते बघा. कॅपला बारीक तडा किंवा आतून पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर ओलाव्यात करंट तिथून पळतो. मावळातल्या पावसात निम्म्या तक्रारी इथेच संपतात. सीबी पॉइंट सारखे जळत असतील तर आधी कंडेन्सर बदला. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून जिभेने बंद करा. आतली प्लेट सरकून तिथेच थांबली तर डायफ्राम शाबूत. शाफ्ट मात्र आडवा हलत असेल तर काही खरं नाही. पॉइंटची फट सगळी मिळून साधारण ०.४ मिलिमीटर. शाफ्टच हलला तर प्रत्येक सिलिंडरला फट वेगळी. त्यात डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून इथली एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते.

बदलायचाच असेल तर दुकानात या गोष्टी बघा. पार्ट नंबर जुन्याशी जुळतो का, रोटर त्याच दिशेने फिरतो का, शाफ्टची लांबी आणि खालचं टोक तेच आहे का. वजनं हाताने फिरवून सोडा, ती लगेच जागेवर यायला हवीत. कॅपमधली टोकं पितळेची असलेली बरी, अॅल्युमिनियमला पावसाळी हवेत पांढरी बुरशी धरते. आणि या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, रोटर, कॅप पुढच्या वर्षी मिळतील का, हे विचारा. मिळणार नसतील तर तो फुकटसुद्धा महाग.

इलेक्ट्रॉनिक किटचं काय? चांगली गोष्ट आहे, पॉइंट झिजण्याची कटकट जाते. पण जुन्याच बॉडीत बसणाऱ्या किटमध्ये वजनं आणि बुश जुनेच राहतात, म्हणजे मूळ दुखणं तिथेच. शिवाय कॉइल जुळायला हवी. ३ ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टला ४ अँपिअर जातात, दीड ओहमची लावली तर ८. किटला ते सोसत नसेल तर ते जळतं, आणि तेही न सांगता. पॉइंट निदान आधी कुरकुरतात, रस्त्यात पॉलिश पेपरने घासून घरी तरी येता येतं.

आम्ही काय केलं? जुनाच डिस्ट्रिब्युटर उघडला. वजनं आणि स्प्रिंग ठणठणीत होत्या. तळेगावच्या एका लेथवाल्याकडून ब्राँझचा नवीन बुश बसवून घेतला. पॉइंट, कंडेन्सर, कॅप, रोटर नवे. टायमिंग मिस्त्रींनी लावलं, स्ट्रोब मी धरला. नव्या कोऱ्या डिस्ट्रिब्युटरपेक्षा खर्च कमीच आला.

भंगारवाल्याला बाबांनी "पुढच्या आठवड्यात या" म्हणून सांगितलं होतं. त्याआधी आजोबा मला घेऊन खोपोलीला उतरले आणि परत घाट चढले. कटकट नाही, काटा मध्यावर. शिंग्रोबापाशी त्यांनी गाडी हळू केली, खिडकीतून नाणं टाकलं आणि मला म्हणाले, "देवाचं देवाला. तुझं तुला घरी गेल्यावर."

घरी पोचलो तर बाबा अंगणात उभे. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "फार तापली नाही की रे." भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघालेला नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी!